अनाथांचे नाथ, सामान 46 किलो

केनियाला जायचं ठरताच प्रस्तुत लेखकाने पहिली तयारी केली ती दाढी वाढवण्याची. सेवेला निघालेल्या माणसाच्या फोटोत दाढी शोभते. पांढरी असली तर थेट मिशनरी वाटते. वसईच्या बाजारात लोक ‘बरं नाही का?’ असं विचारू लागले. त्यांना त्याने नम्रपणे सांगितलं, ‘आफ्रिकेला चाललोय, अनाथ मुलांसाठी.’ ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं.

निमित्त बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचं. अनाथांच्या आणि विधवांच्या दुःखात त्यांच्याकडे जाणं हाच खरा धर्म, असं त्याच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी सांगितलं आहे. फादरांनी उपवासकाळात त्यावर प्रवचन केलं आणि बँकेतून निवृत्त झालेल्या लेखकाला डोळ्यांपुढे नैरोबी दिसू लागलं. “त्यात विधवाही आहेत हो,” बायको म्हणाली. आळीतच तीन राहतात. एकीच्या नळाचा वायसर कधीपासून बदलायचा राहिलाय. पण वायसरबरोबर फोटो चांगला येत नाही. दानधर्म करताना कर्णे वाजवू नका, अशी ताकीद मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे खरी. व्हॉट्सअ‍ॅपचा उल्लेख मात्र तिथे सापडला नाही. म्हणून ‘मिशन केनिया’ हा ग्रुप निघाला.

कागदपत्रं सोपी निघाली. 2024 पासून केनियाने व्हिसा काढून टाकला आहे, निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यायची. पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी टोचावी लागते. लशीचा दाखला नसला तर परत येताना भारतात 6 दिवस वेगळं ठेवू शकतात, कारण हा ताप पसरवणारा डास आपल्याकडे मुबलक आहे. फक्त रोगाची आयात व्हायची राहिली आहे.

अडलं ते प्लास्टिकवर. केनियाने 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. दंड 40 लाख शिलिंगांपर्यंत किंवा कैद चार वर्षांपर्यंत. प्रवाशाची ड्यूटी-फ्रीची पिशवीसुद्धा विमानतळावर काढून घेतात. आणि मराठी घरातली बॅग म्हणजे मुळात पिशव्यांचाच संसार! चिवडा एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, तेल सुटेल म्हणून तिसरीत. सुक्या बोंबलांना पाच, कारण वासाला पासपोर्ट लागत नाही. चपलांची वेगळी, ओल्या टॉवेलची वेगळी, शिवाय ‘असू दे’ म्हणून घडी घातलेल्या डझनभर. 2018 मध्ये महाराष्ट्रानेही बंदी आणली, तेव्हा या घराने एकच केलं होतं : होत्या त्या पिशव्या जपून ठेवल्या. आता बायकोने सगळं सामान बाहेर काढून जुन्या उशांच्या अभ्र्यांत भरलं. बोंबील घरीच राहिले. अनाथांसाठी एवढा त्याग पुरे, असं लेखकाला प्रामाणिकपणे वाटलं.

मग तिथल्या अनाथाश्रमात पाहुणे नेणाऱ्या संस्थेचा अर्ज आला. आठवड्याची फी किती, ते ठळक अक्षरांत. पोलिसांचा दाखला मागितला नव्हता. स्वाहिली येते का, मुलांबरोबर काम केलंय का, काही नाही. टी-शर्टचं माप दोनदा विचारलं होतं.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला इथे खटकलं. तो वाचू लागला. जगभरच्या अनाथाश्रमांतल्या 80 टक्क्यांहून अधिक मुलांच्या आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात असतो, असा ‘लुमोस’ या संस्थेचा अंदाज आहे. मुलं तिथे पोचतात ती शाळेसाठी, दोन वेळच्या जेवणासाठी. केनियाने 2017 मध्ये नवी बालगृहं नोंदवणं थांबवलं आणि 2022 मध्ये मुलांना कुटुंबात परत नेण्याचं दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. म्हणजे सरकार मुलांना घरी पाठवू पाहतंय आणि पाहुणे मात्र ती आश्रमात भेटावीत म्हणून पैसे मोजतायत.

लेखकाची नात ओळखीच्या माणसालाही बघून आईच्या मागे लपते. संस्थेच्या फोटोंतली मुलं मात्र पाहुण्याला पाहताच गळ्यात पडत होती. हे प्रेम आपल्या दाढीला मिळणार, असं त्याने गृहीत धरलं होतं. दर पंधरा दिवसांनी नवा काका येतो, लाड करतो, रडून निरोप घेतो. त्याचं विमान जातं आणि मूल पुढच्याच्या गळ्यात पडतं. हे आठवलं की अजूनही त्याला संताप येतो, आणि तो सगळाच संस्थेवर नसतो.

परक्यांनी येऊच नये असं नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणलं, तेव्हा अमेरिकेच्या मिनी अब्राम्सही मदतीला आल्या. पण त्या तिथे वर्षानुवर्षं राबल्या.

लेखकाने संस्थेला एकच प्रश्न पाठवला : यांपैकी किती मुलांची आई जिवंत आहे, आणि तिचं बसभाडं आम्ही दिलं तर ती भेटायला येईल का? उत्तरात टी-शर्टचं माप तिसऱ्यांदा विचारलं गेलं. त्याने तिकीट रद्द केलं.

तुम्हालाही असं बोलावणं आलं, तर फी भरण्याआधी हाच प्रश्न विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका. रद्द करताना बरेच पैसे कापतात.