ज्वारीचं सेक्टर

मंगळवेढ्यात पूर्वी पारावर नक्षत्रांची चर्चा चालायची. मृगाचं वाहन काय, हस्त पडेल का. आता पाऊस मोबाइलवर आधीच दिसतो, त्यामुळे नक्षत्रांच्या जागी सेक्टर आलेत. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की आमचे आप्पा ओसरीवर बसून बँक, आयटी, ऑटो, मेटल असे निफ्टीचे एकेक निर्देशांक मोठ्यानं वाचतात. बेडूक, म्हैस, हत्ती ही वाहनं वाचायचे, त्याच सुरात.

आप्पांची पद्धत सोपी. सरत्या वर्षी जे सेक्टर पहिलं आलं, त्यात पैसे घालायचे. 2020 साली, कोरोनात, फार्मा पहिलं आलं. आप्पा फार्मात शिरले, तर 2021 मध्ये मेटलनं 70 टक्क्यांच्या आसपास उडी मारली. आप्पा मेटलमध्ये आले आणि 2022 मध्ये पळाल्या सरकारी बँका; जिथं पासबुक भरून घेण्यात आप्पांचा अर्धा दिवस जातो, त्या! ते बँकांपाशी पोचले तोवर 2023 उजाडलं आणि रिअल्टी सगळ्यांच्या पुढं. तोटा एकदाही झाला नाही, हे खरं. पण शेजारचं सेक्टर आपल्यापेक्षा जास्त वाढलं, हे दुःख तोट्याला भारी असतं.

त्यात 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष. वर्ष ज्वारीचं, नफा प्लॉटवाल्यांचा.

"अवो, आपल्या ज्वारीचं काय म्हणतंय त्यात?" काकूंनी एकदा विचारलं.

"ज्वारीचं सेक्टर नसतंय."

"सिनेमा-टीव्हीवाल्यांचं हाय की! आन् आपल्या ज्वारीला सरकारनं मानांकन दिलंय, तिचं न्हाई?"

2016 च्या भौगोलिक मानांकनाबद्दल आप्पांना बोलायचं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला.

तसा धान्यातला सर्वांत मोठा सौदा याच गावात झाला. दुष्काळात भाव चढलेले, बिदरच्या बादशहाची कोठारं हाती. आजचा कुठलाही सल्लागार 'माल धरून ठेवा' म्हणाला असता. दामाजीपंतांनी सगळा माल शून्य भावात काढला आणि, कथा सांगते, पैसे भरायला विठ्ठलाला स्वतः बिदरला जावं लागलं. "असला जामीनदार असंल तरच असा सौदा करावा," हे आप्पांचं विश्लेषण.

काकूंचं सगळं काळ्या रानात. मालदांडी ज्वारी, मधनं करडईच्या ओळी. पाऊस कमी पडला की दाणा घटतो, पण मग कडब्याचा भाव चढतो. काकू कुठला आलेख बघत नाहीत. कडब्याची गंजी बघतात.

2024 मध्ये आप्पा रिअल्टीत नीट बसले आणि फार्मानं पुन्हा उचल खाल्ली. एके दिवशी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच काकूंना विचारलं, "मग आता कशात घालू?"

काकू जात्यापाशी दळणाचा डबा बांधत होत्या. "ज्याच्यातनं काढताय, त्यात."