फिरती बैठक

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी, असा नियम आहे. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या चांगल्या चालीच्या खेड्यात ती होतेच. एवढंच की माणसं बैठकीला येत नाहीत, बैठक माणसांकडे जाते.

तिचं वाहन म्हणजे सातवीतला एक पोरगा. काखोटीला लाल पाठीचं लांबट रजिस्टर, खिशात निळा पेन, आणि अंगठेवाल्यांसाठी स्टॅम्प पॅड. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मुख्याध्यापकांच्या वळणदार अक्षरात इतिवृत्त आधीच उतरलेलं असतं. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. साधकबाधक चर्चा झाली. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक हे, अनुमोदक ते. ऐनवेळचे विषय : निरंक. खाली सोळा मोकळ्या रेघा.

पहिली सही पारावर मिळते, दुसरी पिठाच्या गिरणीत. अध्यक्ष म्हशीला पाणी दाखवत असतात.

"काय हाय रं ह्यात?"

"बैठक हाय."

"कधी?"

"झाली की."

अध्यक्ष हात धोतराला पुसतात आणि सही करतात. पुढच्या घरी सदस्यबाई रानात गेलेल्या असतात. "दे इकडं, मीच करतो," म्हणून त्यांचे यजमान रजिस्टर ओढून घेतात. समितीत निम्म्या महिला असाव्यात, हे 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 21व्या कलमातच लिहून ठेवलंय. रजिस्टरात त्या निम्म्या आहेतही. फक्त त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्यांचं अक्षर हुबेहूब सारखं येतं. याला संसार म्हणतात.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे : समितीत किमान तीनचतुर्थांश पालक हवेत. सोळा जणांत बारा. महाराष्ट्रात याचा शासन निर्णय निघाला 17 जून 2010ला. त्याआधी ग्रामशिक्षण समिती होती. जुन्या मुंबई इलाख्यात 1923च्या कायद्यानं स्कूल बोर्डं आली, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती, म्हणजे शाळेचा कारभार चालवण्याचा सराव इथं तसा उशिराच सुरू झाला. पण रजिस्टर फिरवण्यात जिल्हा कुणाच्या मागं नाही. समितीचं नाव बदललं तेव्हा पुठ्ठ्यावर नवा कागद चिकटवला गेला. खाली जुनं नाव अजून दिसतं.

आणि 2025मध्ये समित्या एकत्र होईपर्यंत रजिस्टर काय एकच असायचं? माता-पालक संघाचं वेगळं, पोषण आहाराचं वेगळं, तंबाखू नियंत्रणाचं, सखी सावित्रीचं, परिवहन समितीचं. जिथं झाडून सगळी लेकरं पायी येतात, तिथंही परिवहन समितीत साधकबाधक चर्चा व्हायची. दोन शिक्षकी शाळा असेल तर एक गुरुजी चार वर्ग सांभाळायचे आणि दुसरे समित्या.

समितीच्या हातात काय असतं म्हणाल, तर अगदीच फुटकळ नसतं. शाळेचा विकास आराखडा तिनं करायचा, अनुदान कसं खर्च होतं ते तिनं बघायचं. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 25,000 रुपये मिळतात. त्यातले किमान दहा टक्के, म्हणजे 2,500, स्वच्छतेवर. उरलेल्यात खडू, वीजबिल, गळकं छप्पर आणि मोडकं दार. एवढ्या पैशात काय आधी करायचं, हे ठरवायला खरं तर एक रात्र पुरायची नाही.

गावाला रात्र जागवता येत नाही असं कोणी म्हणू नये. अखंड हरिनाम सप्ताहाची कमिटी बघावी. कोणाचे किती कट्टे गहू आले, डाळ कोणाकडं राहिली, काल्याच्या कीर्तनाला कोणता महाराज, मांडववाल्याला विसार किती दिला, आचारी मागच्या साली तेलात कसा घोळ करून गेला, हे सगळं कमिटीला तोंडपाठ असतं. रात्री बारापर्यंत पारावर भांडण चालतं. शेवटच्या दिवशी जमाखर्च माईकवरून वाचला जातो, आणि अकरा रुपये कमी भरले तर सगळं गाव ऐकतं. या कमिटीला कुण्या तज्ज्ञानं प्रशिक्षण दिलं? कुठल्या गटसाधन केंद्रात तिनं पाटीवर आपली कर्तव्यं वाचली? पैसा कोणाचा आणि जेवणार कोण, हे तिला ठाऊक असतं, एवढ्यावर ती चालते. शाळेच्या पंचवीस हजारांबद्दल हे दोन्ही गावाला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून प्रशिक्षण आलं. त्याला एका शाळेमागं जास्तीत जास्त 3,000 रुपये ठरलेले आहेत. सोळा सदस्य धरले तर माणशी 200ही होत नाहीत. यात चहा, पोहे, फ्लेक्स आणि सुशासन. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात स्कूल बोर्डावर गेलेल्या माणसाला प्रशिक्षण कायद्यानंच सक्तीचं आहे. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणणाऱ्या जिल्ह्याला न्यू जर्सीचं काय कौतुक! इथं आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप येतो, सकाळी केंद्रशाळेत हजर राहावे. दिवसाची मजुरी बुडवून पोहे खायला कोण जाणार? जातात ते मुख्याध्यापक, शिक्षक सदस्य, आणि वाटेत मोटरसायकलवर घेतलेला एखादा मोकळा पालक. पहिल्या दोघांना सगळं आधीच माहीत असतं. मग फ्लेक्सखाली फोटो. हा फोटो अक्षांश-रेखांशासह लागतो. समिती कुठं आहे हे कोणाला सांगता आलं नाही तरी फोटो कुठं काढला हे दशांश चिन्हाच्या पुढे सहा आकड्यांपर्यंत सांगता येतं.

त्या मोकळ्या पालकानं एकदा हात वर केला. "आमच्या शाळंला तिसरा मास्तर कधी येणार?" साधनव्यक्ती म्हणाले, "तो आजचा विषय नाही."

ऐनवेळचे विषय : निरंक.

बरं, हे प्रशिक्षण येतं कधी? बहुतेकदा जानेवारीनंतर, कारण 31 मार्चच्या आत पैसा खर्ची पडला पाहिजे. आता जिल्ह्याचं पंचांग उघडून बघावं. दसरा झाला की गंगाखेड, पालम, जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, म्हणजे सदस्य आणि सदस्या एकाच ट्रॉलीत बसून कारखान्याला जातात. पार मार्च-एप्रिलपर्यंत. कायद्यानं ज्या पालकांना बारा खुर्च्या दिल्या, त्यातले किती फेब्रुवारीत गावात असतात, हे आदेश काढणाऱ्याला माहीत नसेल तर त्यानं या जिल्ह्याचे आदेश काढू नयेत. आणि माहीत असेल, तर मग प्रशिक्षण कोणाचं चाललंय? फ्लेक्सचं? पोळ्याच्या आधी आठ दिवस माणूस गावात सापडतो, रानात काम कमी असतं, संध्याकाळी पारावर बसलेला असतो. तिथं जाऊन दोन तास बोलायला जीपचं डिझेल लागेल, बाकी काही नाही. पण पोळ्याला पैसा आलेला नसतो, आणि पैसा येतो तेव्हा माणूस गेलेला असतो. दरसाल हे असंच होतं आणि दरसाल अहवालात उद्दिष्ट शंभर टक्के साध्य होतं.

याहून मोठा कडेलोट पुढं आहे. आईबाप उसाला गेले तरी लेकरं शाळेत राहावीत म्हणून मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं सुरू झाली. योजना चांगली, तिच्यामुळं पोरं खरोखर शिकली. ती चालवायची कोणी? शाळा व्यवस्थापन समितीनं. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर कारखान्याच्या फडात मोळी बांधणारी आई त्याच संध्याकाळी गावात आपल्याच लेकराच्या ताटात भाकरी वाढते, आणि रजिस्टरात अंगठा देऊन त्याची नोंदही करते. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पाच बैठका, गणपूर्ती पूर्ण, गैरहजर निरंक.

या सगळ्या कारभारात एकच सदस्य वर्षभर कोरम धरून असतो, तो म्हणजे रजिस्टर नेणारा पोरगा. प्रत्येक सदस्याचं घर त्याला माहीत. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाची लेक शाळा सोडून घरी बसली, हेही माहीत. केंद्राच्या 2010च्या नमुना नियमांत शाळेतल्या मुलांनाही समितीत घ्यायची सोय ठेवलेली आहे, आणि गंमत म्हणजे ती ओळ स्थानिक शिक्षणतज्ज्ञांच्या ओळीतच आहे. एवढा बिनपगारी तज्ज्ञ दुसरा मिळायचा नाही. पण गेल्या दिवाळीनंतर तोही दिसला नाही. वसतिगृह उशिरा सुरू झालं, आणि फडावरच्या कोपीत धाकटी बहीण सांभाळायला कोणीतरी हवंच होतं.

डिसेंबरचं रजिस्टर सहावीतल्या एका पोरीकडं दिलं गेलं. ती पंधरा मिनिटांत परत आली.

"सर, चार घरांला कुलूप हाय. सही कुठं घिऊ?"

सरांनी तिला वर्गात बसायला सांगितलं, रजिस्टर टेबलावर उघडलं, आणि स्टॅम्प पॅडचं झाकण काढलं.