सातासमुद्रांपलीकडचे भाचे

सकाळी सात वाजता, चहाची बशी ओठांशी नेत असतानाच फाटकाची कडी वाजली आणि "गुरुजी, जर्मनीचा भाचा रुसला" अशी वर्दी अंगणातून आत आली, तेव्हा आजचाही दिवस इंग्रजी पत्रव्यवहारात खर्ची पडणार हे मी ओळखले. ज्या वाचकांना असे मामा लाभले आहेत त्यांना पुढचे काही सांगायला नको. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद, ते माझ्या पलंगावर पत्त्यांसारखे पसरण्याची रीत आणि "पाचच मिन्टांचं काम हाय" हे दुपारच्या ताटापर्यंत पुरणारे आश्वासन त्यांच्या पूर्ण परिचयाचे असेल.

आमचे मामा राणीसावरगावचे. गावात रेणुकादेवीचे ठाणे, त्यामुळे गोंधळ, संबळ आणि तुणतुणे यांच्याशी गावाचा घरोबा जुना. पण या घरोब्यातून डॉलर आणि युरो निघू शकतात, हा शोध मात्र सर्वस्वी मामांचा. धाकट्या चिरंजिवांच्या मोबाईलवर एका संबळाचे छायाचित्र चढले, तिकडून कुणा अपरिचित गौरवर्णीय गृहस्थाने किंमत विचारली, आणि तेव्हापासून गेली दहाएक वर्षे पंचक्रोशीतल्या जुन्या पेट्या, दिमड्या आणि तुणतुणी मामांच्या ओसरीवर येऊन पडू लागली व त्यांच्या मागोमाग त्यांच्यासंबंधीच्या तक्रारी माझ्या ओसरीवर येऊन पडू लागल्या.

मामांच्या व्यापारशास्त्राचा सिद्धान्त एकच: जगात गिऱ्हाईक म्हणून कुणी नाही, आहेत ते सारे भाचे. या सिद्धान्ताचा उगम सी. एन. २३ नामक एका सरकारी फर्दीत आहे. परदेशी जाणाऱ्या पार्सलावर लावावयाच्या या कागदावर आतील वस्तूचा तपशील, वजन आणि किंमत लिहून, वस्तू भेट आहे, नमुना आहे, परत धाडलेला माल आहे की विक्रीचा, यांपैकी एका चौकोनात खूण करावी लागते. पहिल्या पार्सलाच्या वेळी मामांनी त्या चौकोनांवरून, बाजारात खोंडाच्या दातांवरून फिरवावे तसे बोट फिरवले आणि विचारले, "इक्री म्हनलं की कर. मंग भेट म्हनलं की?" भेट जर खरोखरच भेट असेल, तिचे पैसे घेतलेले नसतील आणि किंमत ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर पुष्कळ देशांत सूट मिळते, असे मी बोलून गेलो. माझ्या आयुष्यात इतके महाग वाक्य मी दुसरे उच्चारलेले नाही. मामांनी त्यातील तिन्ही अटी कोंडा पाखडावा तशा पाखडून टाकल्या, सूट तेवढी सुपात ठेवली आणि निर्णय दिला, "भेट कोन कुनाला देतं, गुरुजी? मामा भाच्याला. करा खून."

त्या दिवसापासून भाचेकंपनी वाढत चालली. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतची भेट करमुक्त, युरोपीय संघात ४५ युरोंपर्यंतची, आणि अमेरिकेत तर २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंत किमतीच्या आयातीला एकूणच मोकळी वाट, ही आकडेवारी मामांना हरिपाठासारखी मुखोद्गत झाली. परिणामी इंग्लंडकडे निघालेले प्रत्येक वाद्य, मग ते एकतारी तुणतुणे असो की दुहेरी सुरांची सागवानी पेटी, अडतीस पौंडांचेच असे. अशीच एक पेटी वाटेत भाता फाटून आणि पट्ट्या निखळून पोहोचली. लंडनच्या भाच्याने मोजलेले तीनशे पौंड परत मागितले, तेव्हा मामांनी टपालकचेरीकडे नुकसानभरपाईची दरखास्त माझ्याकरवी गुदरली आणि तीत, देवीला स्मरून, पेटीची खरी किंमत प्रथमच उघड केली. कचेरीने उत्तरादाखल त्यांच्याच सहीची फर्द जोडून पाठवली. स्वतःच्या हस्ताक्षराने असा फितवा करावा याचे मामांना फार वाईट वाटले. चार दिवस ते सही डाव्या हाताने करीत होते.

पण जर्मनीच्या भाच्याचे प्रकरण याहून हृदयद्रावक. त्या देशात पार्सलाचा संशय आला म्हणजे ते घरी न पोचवता जकात कचेरीत ठेवतात आणि घेणाऱ्याला पैसे भरल्याच्या पुराव्यासह बोलावून त्याच्यासमक्ष उघडवतात. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाने स्वस्त मालावरची २२ युरोंची जुनी सवलत मोडीत काढल्यामुळे विकत घेतलेल्या वस्तूवर पहिल्या युरोपासूनच मूल्यवर्धित कर बसतो. जर्मनीत त्याचा सर्वसाधारण दर १९ टक्के, आणि किंमत दीडशे युरोंपलीकडे गेली तर जकातीचा हिशोब वेगळा. मामांनी कागदावर लिहिले होते, भेट, वीस डॉलर. भाच्याच्या हातातली पावती होती दोनशे वीस युरोंची. तेथील अंमलदाराने साहजिकच विचारले असावे की, पाठवणारा आपला कोण? आणि त्या सरळमार्गी जर्मन मनुष्याने, आपण कुणाच्या काळजावर पाय देत आहोत याची कल्पना नसल्यामुळे, उत्तर दिले की कोणी नाही, विक्रेता आहे.

पत्रातले हे वाक्य मी भाषांतर करून सांगितले तेव्हा मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कर मागितला त्याचं काई न्हाई हो. पर कचेरीत, चार मान्सांसमोर, भाच्यानं मामाला वळख दिली न्हाई."

मराठीत एखाद्याला ठकवण्याला 'मामा बनवणे' असे म्हणतात. या व्यवहारात मामा नेमका कोण बनत होता, हे दहा वर्षांच्या पत्रलेखनानंतरही मला निश्चित सांगता येत नाही. जर्मन भाच्याला कर भरावा लागला, मामांना अर्धी रक्कम परत करावी लागली, आणि दोघांचीही बाजू मांडणारी सात पत्रे फुकट लिहिणारा इसम तिसराच होता.

पुढे संबळाच्या नगांचा वाद उपस्थित झाला. संबळ हे एक थोराड आणि एक धाकटे अशी दोन भांडी जवळजवळ बांधून, कमरेला लावून काड्यांनी वाजवायचे वाद्य. मामांच्या फर्दीत 'नग १', आणि पेटारा उघडणाऱ्या परदेशी अंमलदाराच्या टिपणात 'नग २'. जागतिक वर्गीकरणात ही सारी तालवाद्ये ९२व्या प्रकरणातील ९२०६ या क्रमांकाखाली सुखाने नांदतात, पण एकेकाने की जोडीने, याचा खुलासा तेथे नाही. तफावत आढळली सबब खुलासा करावा, असे पत्र आले. मामांनी मला जो मजकूर सांगितला तो असा: "लिवा. आमच्याकडं लगीन लागल्यावर नवरा-बायकूला दोन नग म्हनत न्हाईत." मी तो सौम्य करून लिहिला. पुढची तीन वर्षे, काही झाले तरी, मामांनी 'नग १' सोडला नाही. हा त्यांच्या लेखी हिशोबाचा मुद्दा उरला नव्हता, धर्माचा झाला होता.

ऑस्ट्रेलियाच्या भाच्याकडे तर कातडे आणि लाकूड पाहताच कीटकशोधन सुरू होते, आणि त्याची फी घेणाऱ्याच्या माथी. शिसवाची कथा आणखी निराळी. वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराने २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या वंशातील झाडून साऱ्या जाती नियंत्रणाखाली आणल्या, त्यामुळे शिसवी खोडाच्या वाद्यालाही परवान्याचे कागद लागू लागले. तयार वाद्यांना यातून सूट मिळाली ती २६ नोव्हेंबर २०१९ ला. मधली जवळपास तीन वर्षे मामांकडचे प्रत्येक शिसवी संबळ कागदोपत्री आंब्याचे झाले होते. "आंबा बी झाडच हाय की," ही त्यावरची त्यांची मखलाशी.

हे सारे सरळ मार्गाने कसे करतात ते पाहून यावे म्हणून मी त्यांना एकदा परळीहून गाडीत बसवून मिरजेला नेले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडवण्याचा पाया घातला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे त्या कारागिरांच्या हाती तंबोरे झाले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वास्तव्याने त्या गावाचे कान तयार झाले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका वयोवृद्ध कारागिराने जवारी लावता लावता मामांना तीन गोष्टी सांगितल्या: निर्यातीचा सरकारी क्रमांक काढा, खरी किंमत लिहा, आणि तिकडची जकात घेणाऱ्याने भरायची हे पैसे घेण्याआधीच कळवा, म्हणजे पुढचा तंटा उद्भवतच नाही. मामांनी अत्यंत आदराने ऐकून घेतले. परतीच्या गाडीत, कुर्डुवाडी मागे पडल्यावर, त्यांनी आपला अभिप्राय दिला: "लई मोठी मान्सं हायेत. पर गुरुजी, तिथं समदे गिऱ्हाईक. भाचा एक बी न्हाई."

जकातीशी हा दावा मामांच्या घराण्यात वंशपरंपरेने आला आहे, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. निजामाच्या अमदानीत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची जकात स्वतंत्र आणि तिच्या खात्याला करोडगिरी असे भारदस्त नाव. मामांच्या आजोबांनी इंग्रजी हद्दीतल्या बार्शीहून एक हातपेटी बैलगाडीतून आणली तेव्हा नाक्यावर ती अडवली गेली. "देवीची पेटी हाय," आजोबा म्हणाले. "देवीची असेल तर वाजवून दाखवा," नाकेदार म्हणाला. आजोबांनी तिथेच बैठक मारून तासभर पदे म्हटली. नाकेदार रसिक निघाला, त्याने डोळे मिटून ती सारी ऐकली, शेवटी वाहवा केली, आणि मग हशीलही पुरेपूर वसूल केले. ही हकिगत मामा सांगतात तेव्हा त्यांच्या स्वरात राग नसतो. "पर आयकलं तर खरं," असे ते म्हणतात. आताचे नाकेदार पेटी उघडतात पण वाजवायला सांगत नाहीत, ही त्यांची मूळ तक्रार असावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

गेल्या वर्षी श्रावणात अमेरिकेतून फोन आला. बोलणारा मुलगा तिकडेच जन्मलेला, मराठी अडखळत बोलणारा. त्याला बहिणीच्या लग्नात गोंधळ घालायचा होता आणि संबळ हवे होते. मामांनी नेहमीच्या रिवाजाने, भाचा म्हणून, किंमत सांगायला तोंड उघडले, तोच त्या मुलाने विचारले, "माझी आई राणीसावरगावची आहे, तुम्ही तिला ओळखता का?" आणि आईचे माहेरचे नाव सांगितले. देवळामागच्या आळीतली, शाळेत मामांच्या धाकट्या बहिणीच्या शेजारी बसणारी मुलगी. गावची लेक ती साऱ्या गावाची बहीण, आणि तिचा मुलगा तो साऱ्या गावाचा भाचा. इतकी वर्षे फर्दीवर लिहिलेले नाते फोनमधून चालत आले, आणि मामांना त्या दिवशी किंमत सांगताच आली नाही. "पाठवतो," एवढेच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पण वेळ वाईट होती. ८०० डॉलरची सवलत अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, आपल्या टपालखात्याने तिकडची पार्सले त्याआधीच, २५ तारखेपासून, घेणे थांबवले आणि महिनाअखेर सारीच नोंदणी स्थगित झाली. नवरात्र आले आणि गेले. नवे कातडे चढवून, रोज उन्हात ठेवून आत घेतलेले ते संबळ मामांच्या ओसरीवर बसून राहिले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने दुप्पट किंमत बोलली तेव्हा मामांनी, माझ्या देखत, प्रथमच त्याला गिऱ्हाईक म्हटले.

१५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, पण तेव्हाचा नवा नियम असा होता की विक्रीच्या मालावरची पन्नास टक्के जकात पाठवणाऱ्याने येथेच, खिडकीशी, आगाऊ भरायची. शंभर डॉलरपर्यंतची भेट तेवढी माफ. संबळाची खरी किंमत सात हजार रुपये, म्हणजे शंभर डॉलरच्या पुष्कळ आत. पैसे घेतलेले नव्हते. नाते खरे होते. तिन्ही अटी पुऱ्या करणारी, निष्कलंक, कायदेशीर भेट मामांच्या आयुष्यात ही पहिलीच. गंगाखेडच्या गाडीत मी त्यांना हे परोपरीने समजावून सांगितले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

खिडकीपलीकडच्या कारकुनाने मामांना ओळखले, फर्द पुढे ओढली आणि, आपणहून, हसत, पेन भेटीच्या चौकोनावर नेले.

"नगं," मामा म्हणाले. "इक्री लिवा."

मी त्यांचा हात धरला. साडेतीन हजार रुपये उगीच जातील म्हणून सांगितले. त्यांनी माझा हात बाजूला केला. "आजवर इतक्या भेटी लिवल्या मी, की आता खरी लिवली तरी तिकडं कुनी तरी उघडून बसंल. आन त्या पोराला कचेरीत बोलावून इचारतील, मामा तुजा कोन. लगीन हाय घरात. हे कुटं अडकू द्यायचं न्हाई." आणि धोतराच्या सोग्यातून पैसे काढून त्यांनी ते दोनदा मोजले.

किंमत सात हजार लिहिली गेली. लाकूड शिसव लिहिले गेले. कारकुनाने पुढच्या रकान्यावर पेन ठेवून विचारले, "नग?"

मी मामांकडे पाहिले.

"दोन," मामा म्हणाले.