भिंतीत बंदूक ठेवून गेलेल्या पूर्वजास अनावृत पत्र

तीर्थस्वरूप, ज्यांचे नाव घरात कोणास ठाऊक नाही परंतु ज्यांच्या पराक्रमाविषयी घरात कोणास संशयही नाही, अशा आमच्या पूर्वजांच्या चरणी बालकाचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली तिथी माहीत नसल्यामुळे सर्वपित्री अमावास्येस आपल्या नावे पान वाढण्याचा रिवाज आम्ही आजतागायत पाळीत आलो आहोत, आणि त्यात कधी वड्याची कसूर झाली नाही की खिरीची. तेव्हा त्या पानाच्या बदल्यात आपण आमच्यासाठी काही ठेवून गेला असाल, अशी आशा बाळगणे हा काही फार मोठा लोभ म्हणता येणार नाही. जमीन कुळकायद्यात गेली, आमराईची वाटणी दिवाणी दाव्यात अडकली. उरले ते हे तळकोकणातले जांभ्याचे घर. पावसाळ्यापूर्वी माजघराची भिंत सावरून घ्यावी म्हणून गवंड्याने एक हललेला चिरा पहारीने उचकटला आणि आतल्या पोकळीतून गोणपाटात गुंडाळलेली लांबट वस्तू निघाली, तेव्हा मोहरांचा हंडा सहसा लांबट नसतो हे कळत असूनही आम्ही सर्वांनी देवास हात जोडले. गोणपाट सोडले, तो आत बंदूक.

बंदूक म्हणजे दोन हात लांबीची एक नळी, तिच्यावर गंजाचे असे पापुद्रे की बोट लावताच विटकरी भुकटी उडावी. दस्त्याचे लाकूड वाळवीने आतून पोखरलेले. चापाभोवतीची पितळी कडी तेवढी हिरवी पडून शिल्लक. आणि नळीच्या बुडाशी, घोडा जेथे आपटावयाचा तेथे, लोखंडाची एक इवलीशी बोंडी. या बोंडीकडे कृपया लक्ष असू द्यावे, कारण आपल्या अब्रूचा प्रश्न पुढे तिच्यावरच येऊन ठेपणार आहे.

थोरल्या काकांनी बंदूक पाहताक्षणीच ती पानिपतावर गेली होती असा निकाल दिला, आणि तिन्हीसांजा होईपर्यंत आपण भाऊसाहेबांच्या हत्तीपासून किती अंतरावर होता येथपर्यंतचा तपशील कायम झाला. आता पानिपत झाले १७६१ साली. आणि त्या बोंडीवर बसवावयाची तांब्याची टोपी ज्या शोधातून निघाली, तो शोध लावला अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटलंडातील एका पाद्र्याने, ज्याने १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि तेही कोणा बादशहाचे तख्त उलथण्यासाठी नव्हे, तर चकमकीच्या बंदुकीचा जाळ दिसताच पाखरे उडून जात आणि पाद्रीबोवांची शिकार हुकत असे म्हणून. टोपी प्रत्यक्ष प्रचारात यावयास त्यानंतरही काही वर्षे जावी लागली. सारांश, आपण पानिपतावर असलाच तर ही बंदूक आपल्या हाती नव्हती, आणि ही बंदूक आपली असलीच तर आपण पानिपतावर नव्हता. हे मी काकांस अदबीने निवेदन केले. त्यांनी यत्किंचितही विचलित न होता तिची बदली सत्तावनच्या समरात केली.

माझे स्वतःचे अनुमान अधिक सामान्य आहे, आणि त्याने आपला अवमान होतो असे मला वाटत नाही. भाताच्या लोंब्या भरू लागल्या की रानडुकरांचे कळप रात्री उतरतात, एका रात्रीत कुणग्याची माती करतात, आणि त्यांच्यावर बार काढण्यासाठी आमच्या मुलखात घरोघर ठासणीच्या बंदुका असत, किंबहुना शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही आहेत. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे त्यांचे तेवढे दिवस सुगीचे जातात. आपण बहुधा माचाणावर जागून भात राखले असेल. परंतु डुकरावर बार काढणाऱ्या पूर्वजाचे तैलचित्र दिवाणखान्यात लावण्यास काका राजी नाहीत.

इतर मंडळींनी काय केले तेही आपल्या कानी घालणे माझे कर्तव्य आहे. वहिनींचे मत पडले की चिंच आणि राख लावून ती लख्ख घासावी, नळीत काही अडकले असेल तर चुलीवर शेकून ठोकून काढावे, आणि मग भिंतीवर टांगावी. भाच्याने ती खांद्यास लावून, चापावर बोट ठेवून, आजीवर नेम धरल्याचे छायाचित्र काढवून घेतले व मोबाईलवरून समस्त भाऊबंदांस रवाना केले. अर्थात, विनापरवाना बंदूक बाळगण्याच्या ज्या गुन्ह्यास शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, त्याचा पुरावा त्याने स्वहस्ते आणि हसऱ्या मुद्रेने तयार केला. मुंबईच्या चुलतभावाने चोरबाजारात भाव विचारून ठेवला. वस्तूला शंभर वर्षे होऊन गेली असली तर १९७२ च्या कायद्याने ती पुराणवस्तू ठरते आणि सरकारी परवान्याविना तिचा व्यापार करता येत नाही, हे त्यास कळवले असता त्याने ती नव्व्याण्णव वर्षांची असल्याचे सुचवले. शेजारच्या पोक्त गृहस्थांनी तर काळोख पडल्यावर खाडीत सोडून मोकळे व्हा, असा सल्ला दिला. खाडीस ओहोटी असते, हे सारा जन्म कोकणात काढलेल्या माणसाने विसरावे!

आता आपल्या वेळच्या कायद्याचे पुढे काय झाले ते. १८७८ हे साल आपणांस स्मरत असेल. लॉर्ड लिटन यांच्या सरकारने त्या एका वर्षात देशी वर्तमानपत्रांचा, हत्यारांचा आणि भूमिगत धनाचा असे तीन कायदे करून, रयतेने काय लिहावे, काय बाळगावे आणि काय पुरून ठेवावे या तिहींचा बंदोबस्त लावला. पहिला कायदा लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत गेला. दुसऱ्यात गोऱ्यांस मोकळीक आणि काळ्यांस परवाना असा उघड पक्षपात असल्यामुळे काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून त्याचा निषेध होत राहिला; पुढे पक्षपात गेला, आणि स्वराज्यात १९५९ चा शस्त्र अधिनियम आला तरी परवाना राहिला. तिसरा अद्याप अमलात आहे, आणि त्याच्याकडे मी शेवटी वळणार आहे.

या १९५९ च्या अधिनियमात पंचेचाळिसावे कलम मोठे दयाळू आहे. जुन्या घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा नादुरुस्त असे जे हत्यार दुरुस्ती करून वा न करता कसेही डागता येणार नाही, त्यास हा अधिनियम लागू नाही, असे ते सांगते. काकांनी हे ऐकून सुपारी कातरावयास घेतली. परंतु मेख अशी की गंज हा काही त्याचा दाखला नव्हे. डागता येत नाही हे तज्ज्ञाने ठरवावयाचे, तज्ज्ञाकडे नेणे म्हणजे हत्यार घेऊन फिरणे, हत्यार घेऊन फिरण्यास परवाना हवा, आणि परवान्याचा अर्ज करावा तर ते हत्यारच आहे अशी आपल्याच सहीची कबुली! शिवाय, वस्तू आपल्या ताब्यात असल्याची जाणीव असल्याशिवाय कायद्याच्या अर्थाने ताबा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली म्हटलेले आहे. म्हणजे ती भिंतीत होती तोवर आमच्या पिढ्यान् पिढ्या आपल्या अज्ञानाच्या आश्रयाने निर्दोष होत्या, आणि गवंड्याच्या एका पहारीसरशी तो आश्रय संपला.

अखेर, जे पहिल्या घटकेस करावयाचे ते आम्ही तिसऱ्या दिवशी केले. बंदूक होती तेथेच जमिनीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवली, खोलीस कडी घातली, आणि ठाण्यास फोन केला. पोत्यात घालून एस.टी.ने घेऊन येतो, असे काका म्हणत होते. ठाणे अंमलदारांनी कोणीही कशासही हात लावू नये, आम्हीच येतो, असे फर्मावले. ते आले, पंच बसले, आणि ‘एक जुनी गंजलेली ठासणीची बंदूक, दस्ता लाकडी, वाळवी लागलेला’ असा पंचनामा सुरू झाला. ‘मालकाचे नाव’ येथे गाडी अडली. काकांनी आपली पानिपतापासूनची हकिकत सांगितली. हवालदारांनी ती शांतपणे ऐकून ‘अज्ञात’ असे लिहिले.

मग जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक जाणते जमादार आले. त्यांनी नळीच्या तोंडासमोर न येता, कडेने वाकून, बांबूची एक सरळ काठी हलकेच आत सोडली, ती टेकली तेथे नखाने खूण केली, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिली, आणि खूण बोंडीच्या अलीकडे चांगली चार बोटे राहिली. “भरलेली समजूनच चाला,” ते म्हणाले. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते, टोपी नसली तरी धग किंवा ठिणगी पुरते, असे ते समजावून सांगत असता वहिनी चुलीकडे पाहत होत्या, भाचा स्वतःच्या बोटाकडे पाहत होता, आणि आजी भाच्याकडे ज्या नजरेने पाहत होती तिला परवाना लागत नाही एवढेच.

तीर्थस्वरूप, हत्यार लपवलेत त्याचा आम्हांस राग नाही. परवाना नूतन करावयास तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालण्यापेक्षा भिंतीत चिरा बसवणे सोपे, हे आम्ही जाणतो. परंतु बार काढून टाकावयास आपणांस एक डुक्कर, निदान एक नारळ, मिळू नये? मरणोत्तर हिशेबात हा निष्काळजीपणा आपल्या नावे मांडला जावा, अशी माझी नम्र दरखास्त आहे.

बंदूक लाखबंद होऊन प्रयोगशाळेकडे गेली, पोच आमच्या दप्तरी आहे. निरुपद्रवी ठरल्यास ती वस्तुसंग्रहालयास द्यावी असे माझे मत. काका, पाटीवर पानिपताचा उल्लेख असेल तरच संमती देईन, म्हणतात. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपल्या वंशातील
एक निःशस्त्र

ता. क. परसातील विहिरीचा गाळ वैशाखात उपसणार आहोत. वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या कायद्याप्रमाणे जमिनीत वा जमिनीस जोडलेल्या कशातही दडवलेली दहा रुपयांवरील किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांस लेखी वर्दी द्यावी लागते. तरी तेथे तोफ ठेवली असल्यास आगाऊ स्वप्नात येऊन कळवावे; मात्र काकांच्या स्वप्नात येऊ नये.