रोग मला, लक्षणं तिला

देवगाव फाट्यावर माझं मोटारी भरायचं दुकान आहे. जिंतूर, मंठा आणि सेलू या तिन्ही वाटांनी जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं किंवा एखादा फेज गेला, की विहिरीवरची मोटार गुरगुरते, तापते आणि धूर सोडून गप होते. दुसऱ्या दिवशी ती मोटारसायकलला बांधून मालक माझ्या दारात हजर. झाकण उघडलं की नुसत्या वासावरून मी सांगतो, काय जळालं आणि कशानं जळालं. मालक विचारतो, "कधी देता?" मी म्हणतो, "उद्या या." हे मी अगदी मनापासून म्हणतो. अडचण एवढीच, की उद्या उजाडतो तेव्हा मी त्याची मोटार सोडून कोणाचा तरी रेडिओ उघडून बसलेला असतो, आणि त्या रेडिओचा मालक तो मागायलाही आलेला नसतो.

या स्वभावाचं निदान फाट्यावर फार पूर्वीच झालेलं आहे. हॉटेलवाल्या तात्यांच्या मते हे पित्त. पंक्चरवाल्याच्या मते मोबाइल. मोबाइल नव्हते तेव्हाही मी असाच होतो म्हटल्यावर तो जरा विचार करून म्हणाला, "मग टीव्ही." एका भल्या गिऱ्हाइकानं अमावास्येला लिंबू उतरवायला सांगितलं होतं. मी लिंबू आणलंही होतं, पण अमावास्या निघून गेली. सगळ्यात जुनं निदान आईचं: "याचं ध्यान नाही." त्यावरचा उपचारही तिचाच, कान पिळणे. माझ्या लग्नापर्यंत तिनं तो खंड न पाडता चालू ठेवला.

डॉक्टरांकडे मी माझ्यासाठी गेलोच नव्हतो. मुलगा चौथीत आहे. गुरुजींचा निरोप आला, की पोरगं हुशार आहे, पण जागेवर टिकत नाही, एकदा परभणीला दाखवून आणा. सेलूला जाऊन आम्ही रेल्वे धरली आणि परभणीत मानसोपचाराच्या डॉक्टरांपुढे बसलो. ते विचारू लागले, "वस्तू हरवतो का? सांगितलेलं अर्धंच ऐकतो का? हातातलं काम टाकून दुसरीकडे पळतो का?" प्रश्न मुलाबद्दलचे होते, पण प्रत्येक प्रश्नाला बायको मान वळवून माझ्याकडे बघायची. जरा वेळानं डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या टेबलफॅनकडे बघत होतो. त्याचा बुश गेलेला होता.

"तुम्ही एकदा स्वतःसाठी या," डॉक्टर म्हणाले. "आणि पंखा ठेवा खाली."

आजाराचं नाव त्यांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष जागेवर टिकत नाही आणि चुळबुळ थांबत नाही. माझा समज असा, की हा लेकरांचा आजार आहे, मिसरूड फुटली की जातो. डॉक्टर म्हणाले, डॉक्टर मंडळींचाही बरीच वर्षं हाच समज होता. लंडनच्या जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १९०२ मध्ये अशा पोरांवर व्याख्यानं दिली, तेव्हापासून सगळ्यांची नजर पोरांवरच राहिली. पोरं मोठी होतात, नोकरीला लागतात, लग्नं करतात आणि त्यांच्याबरोबर आजारही संसाराला लागतो, हे पुढे फार उशिरा लक्षात आलं. मोठ्या माणसांत आज शंभरात दोन-तीन जण असे सापडतात. पण या आजाराचं सगळ्यात नावाजलेलं पोर स्टिलच्याही आधीचं आहे. फ्रँकफुर्टच्या हाइनरिख हॉफमन नावाच्या डॉक्टरनं आपल्या लहान मुलासाठी चित्रांचं पुस्तक केलं, ते १८४५ मध्ये छापलं गेलं. त्यात पुढच्या आवृत्तीत आलेला चुळबुळ्या फिलिप जेवताना खुर्ची डुलवतो आणि टेबलावरच्या चादरीसकट सगळं जेवण खाली ओढतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं. जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही उगाच म्हणत नाही.

माझ्या पाळीला डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेची यादी पुढे ठेवली. प्रश्न १८. प्रत्येकापुढे पाच घरं, 'कधीच नाही' पासून 'फारच वेळा' पर्यंत. मी तिसऱ्या प्रश्नाला खिडकीबाहेरच्या डीपीकडे बघू लागलो, तेव्हा त्यांनी कागद स्वतःकडे घेतला आणि वाचून दाखवू लागले. त्यात एक प्रश्न असा आहे, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्हीच ते पुरं करता का? इथं आपला उतावळेपणा दिसायला नको म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसलो. ओठ मिटण्याकडेच सगळं लक्ष गेलं आणि प्रश्न ऐकायचा राहिला. डॉक्टरांनी न विचारता शेवटच्या घरात खूण केली.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "या सगळ्याचा तुम्हाला त्रास किती होतो?"

"मला? काहीच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, नुसती लक्षणं असून भागत नाही. त्यापायी घरात, कामात अडचण होत असेल तरच त्याला आजार म्हणायचं. विसरतं कोण नाही?

बायको खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मी सांगते."

तिनं लाइटबिलापासून सुरुवात केली. बिलाचे पैसे खिशात घेऊन हे सेलूला जातात, सेलूहून तांब्याची तार आणतात आणि पैसे खिशात तसेच. मग गॅसवरचं दूध आलं. मग पोराला शाळेत सोडायला जाऊन पोरासकट परत आल्याचं आलं. शेवटी तिनं ठेवणीतलं काढलं. "दिवाळीनंतर मला न्यायला माझ्या माहेरी आले. भावाची मोटार जळालेली दिसली. तिथंच उघडली, गाडीला बांधली आणि घेऊन निघून गेले. मी पिशवी घेऊन दारात उभी. भाऊ म्हणाला, ताई, तुला न्यायला आले होते का मोटारीला?"

डॉक्टर लिहीत होते. पान उलटून लिहीत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा आजार असलाच तर वाटणी मोठी चोख झालेली आहे. रोग मला आणि लक्षणं तिला.

नियम असा आहे, की हे एकाच ठिकाणी दिसून चालत नाही, निदान दोन ठिकाणी दिसावं लागतं. माणूस फक्त घरातच ऐकत नसेल तर तो आजार नसतो, तो नवरा असतो. म्हणून मग दुकानाची चौकशी सुरू झाली. "तारेचे वेढे मोजून घालावे लागतात ना? तिथं चुकत नाही?" मी म्हटलं, "मशीनला काउंटर आहे, ते मोजतं. आणि तार हातात असली की मला दुसरं काही दिसतच नाही. हॉटेलातला पोऱ्या चहा ठेवतो, गार झाला की तोच परत नेतो आणि संध्याकाळी पैसे मागतो." मला वाटलं, चला, इथं सुटलो. डॉक्टर म्हणाले, हेही त्यातलंच. लक्ष कमी असतं असं नाही, त्याला लगाम नसतो. जडलं की सुटत नाही आणि जडायला पाहिजे तिथं जडत नाही.

तरीही फाइल पुरी होईना. मोठ्या माणसाचं निदान करताना बारा वर्षांच्या आतला पुरावा लागतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ज्या ग्रंथावरून हे ठरवतात त्यात आधी सात वर्षांची अट होती, २०१३ मध्ये ती बारावर आली. म्हणजे ज्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, त्यानं आपलं बालपण आठवून सांगायचं. जुनं प्रगतिपुस्तक चालतं म्हणाले. आमची प्रगतिपुस्तकं घुशीनं खाल्लेली. मग लहानपणापासून ओळखणारं कोणी घेऊन या म्हणाले, म्हणून आईला नेलं.

आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. जन्मभर जिनं मला चारचौघांत धांदरट, वेंधळा, बिनध्यानाचा म्हटलं, तिनं डॉक्टरांपुढे पदर सारखा केला आणि म्हणाली, "लै शांत लेकरू होतं, साहेब. सांगितलेलं काम चुकलं नाही कधी." मी तिच्याकडे बघत राहिलो. स्थळाची चौकशी असो की दवाखान्याची, परक्या माणसापुढे पोराबद्दल वावगा शब्द काढायचा नाही, हा तिचा कायदा. बायकोनं कपाळाला हात लावला. पण डॉक्टरही मराठवाड्यातलेच. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग दळण आणायला वगैरे जायचा का?"

"दळण?" आईचा बांध फुटला. "अहो, ज्वारी दळायला धाडलं, तर ज्वारी गिरणीत आणि पोरगं गायब! दिवस मावळला तरी पत्ता नाही. कुणाच्या तरी गाडीत बसून गेलेलं चारठाण्याला. तिथल्या जुन्या देवळात सापडलं. खांबावरच्या मूर्ती मोजायलं होतं! म्हटलं, पीठ कुठंय? तर म्हणतं कसं, कोणतं पीठ?"

"किती वर्षांचा होता तेव्हा?"

"ते काय ठाव? किल्लारीचा भूकंप झाला ना, त्याच्या आदल्या साली."

भूकंप १९९३ चा. डॉक्टरांनी एक वर्ष वजा केलं, माझ्या १९८३ या जन्मसालाशी ताळा घातला आणि कागदावर नऊ लिहिलं. पुरावा बसला. त्यांना आता थांबायचं होतं, पण आईला थांबायचं नव्हतं. पुढचा पेशंट आत येऊन ऐकत उभा राहिला.

निघताना डॉक्टर म्हणाले, "हे बरंच रक्तातून येतं, बरं का. बापाला असलं की पोराला असण्याचा संभव मोठा." आई ताडकन म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. सुनेच्या माहेराकडून आलं असंल." पोराचं एक वेळ ठीक, पण माझा आजार सुनेच्या माहेराकडून कसा आला, हे विचारायचं धाडस डॉक्टरांनीही केलं नाही.

एवढं करून तपासणी अशी काही झालीच नाही. झोप किती लागते, मन उदास असतं का, दारू-तंबाखू आहे का, हे विचारून झालं. थायरॉइडसाठी रक्त घेतलं, कारण त्याच्या बिघाडानंही माणूस असाच सैरभैर होतो. ते बरोबर निघालं. खुद्द या आजाराची रक्ततपासणी नाही आणि फोटोतही तो दिसत नाही. फक्त बोलणं. आईला हे अजिबात पटलं नाही. "सुई नाही, सलाइन नाही, मग पैसे कशाचे घेतले? एवढं बोलणं तर तात्याच्या हॉटेलात चहात होतं."

औषधांची हकीकत तर आणखी न्यारी. यातलं एक जुनं औषध, मेथिलफेनिडेट, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लेआंद्रो पानिझोन नावाच्या रसायनतज्ज्ञानं १९४४ मध्ये तयार केलं. त्याच्या बायकोचं लाडकं नाव रिटा, म्हणून औषध रिटालिन. आमच्याकडे बायकोचं नाव फार तर ट्रॅक्टरवर येतं. आपल्या देशात हे औषध अनुसूची एक्समध्ये आहे. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, मेडिकलवाला एक प्रत दोन वर्षं जपून ठेवतो आणि गोळ्या कुलपात ठेवतो. कायद्याचं कारण रास्त आहे, अशा गोळ्यांचा गैरवापर होतो. पण ज्याला चिठ्ठ्या सांभाळता येत नाहीत म्हणूनच गोळी द्यायची, त्याला ती दुहेरी चिठ्ठीवर द्यायची, हे ज्याला कोणाला सुचलं त्याचं कौतुक वाटतं. डॉक्टरांनी माझा चेहरा वाचला आणि चिठ्ठीच्या दोन्ही प्रती बायकोच्या हातात दिल्या.

गोळीबरोबर शिस्तही सांगितली. कामं लिहून भिंतीला लावा, किल्ल्यांची जागा एकच ठेवा, एका वेळी एकच मोटार उघडा, आठवण करून देणारं कोणीतरी शेजारी असू द्या. बायकोनं विचारलं, "हे सगळं मी लग्नापासून करतेय. याची फी मला कोण देणार?" डॉक्टर पहिल्यांदाच निरुत्तर झाले.

फाट्यावर आम्ही उतरलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचलेली होती. आईनं ती काळीपिवळीतच वाटली होती. तात्यांच्या हॉटेलात ऐकता ऐकता निम्म्या लोकांना तोच आजार झाला. पंक्चरवाला म्हणाला, "मलाबी काही ध्यानात राहत नाही." एक जण म्हणाला, "माझी तर उधारी कायमच विसरते, तात्या, आता कळलं कामून ते."

तात्यांनी गल्ल्याखालची वही काढली. "थांबा. डॉक्टर काय म्हणाला? दोन ठिकाणी दिसाय पायजे, असंच ना? मग माझे द्यायचे विसरतो, तो दुसऱ्याकडचे घ्यायचेबी विसरतो का, ते बघू."

परीक्षा सुरू झाली. उधारी विसरणाऱ्यानं सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडचं येणं रुपया-पैशांत, वारासकट सांगितलं. नापास. पंक्चरवाल्याला मागच्या पोळ्याला कोणाच्या ट्यूबला किती ठिगळं लावली तेही पाठ होतं. नापास. एकेक करून अख्खा फाटा ठणठणीत निघाला. मग तात्या माझ्याकडे वळले. "तुझ्या मोटारींचं कोणाकडं किती येणं हाय?"

मला एक नाव आठवलं तर शपथ.

"पास!" तात्या ओरडले. "खरा पेशंट एकटा हाच. आता असं करू, याचं येणं कोणाकडं किती, ते सगळे मिळून याला आठवून देऊ. डॉक्टरनंच सांगितलंय. बसा रे."

कोणाची म्हैस सुटलेली होती, कोणाचा पाव्हणा घरी ताटकळत होता, कोणाला बँक बंद व्हायच्या आत गाठायची होती. घटकेपूर्वी ज्यांच्या काही म्हणजे काही ध्यानात राहत नव्हतं, त्या सगळ्यांना आपापली कामं एकदमच आठवली.