शपथविधीचं हवामान

अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम अमेरिकेच्या कॅलेंडरवर ३० नोव्हेंबरला संपतो. वादळांना हे कुणी कळवलंय का? २०२० च्या नोव्हेंबरात निकाराग्वाच्या एकाच किनारपट्टीवर दोन आठवड्यांत दोन राक्षसी वादळं आदळली, ‘ईटा’ आणि ‘आयोटा’. २०२५ मध्ये आपली दिवाळी उरकली आणि २८ ऑक्टोबरला ‘मेलिसा’ ताशी जवळपास ३०० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी जमैकावर कोसळलं. एवढ्या उशिरा एवढं मोठं वादळ, म्हणून तिकडे चर्चा.

उशीर? या एकदा नगरला. उशीर काय असतो ते दाखवतो.

अहिल्यानगर जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध काय, असं कुणी विचारेल. बंदर नाही, बोट नाही, मध्ये सह्याद्री आडवा. पण वादळ आंध्रात किंवा तमिळनाडूत जमिनीवर आलं तरी त्याचं बाष्प दख्खनवर पसरतं. थंडी गायब, आभाळ गच्च. मग कांद्यावर करपा, ज्वारीवर चिकटा, डाळिंबावर तेल्या. थोडा पाऊस झाला तर जामखेडची पोटऱ्यात आलेली ज्वारी आडवी. उसाच्या फडात गाड्या रुततात आणि कोपीत चूल पेटत नाही.

कॅमेरे तेव्हा कुठे असतात? मरीन ड्राइव्हवर. रेनकोट घालून.

बरं, हे उशिराचं पाहुणं येतं कधी? जरा तारखा लावून बघू.

२००९. विधानसभेचा निकाल २२ ऑक्टोबरला लागला. शपथविधीला मात्र ७ नोव्हेंबर उजाडला. ९ तारखेला सभागृहात शपथ कोणत्या भाषेत घ्यायची यावरून हातघाई. त्याच वेळी अरबी समुद्रात ‘फयान’ आकार घेत होतं. ११ नोव्हेंबरला त्याने अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनारा ओलांडला. वादळाने भाषा विचारली नाही.

२०१४. निकाल १९ ऑक्टोबरला. २५ च्या सुमाराला अरबी समुद्रात ‘नीलोफर’. ३१ ला वानखेडेवर शपथविधी, आणि नीलोफर तोवर समुद्रातच विरलं. आपल्या आयुष्यात एकदा तरी सरकार आधी पोहोचलं, याची नोंद करून ठेवा.

२०१९ मात्र सोन्याच्या अक्षरांत. निकाल २४ ऑक्टोबरला. परतीचा पाऊस आधीच रेंगाळलेला, त्यात ‘क्यार’ महाचक्रीवादळ झालं. ते ओमानच्या दिशेने सरकतं न सरकतं तोच मागून ‘महा’. दोन्हींपैकी एकानेही महाराष्ट्राच्या जमिनीवर पाय ठेवला नाही. नुकसान? तेव्हाचा सरकारी अंदाज ५४ लाख हेक्टरचा. नगरची बाजरी कणसातच उगवली, सोयाबीन काळं पडलं, कपाशीची बोंडं सडली.

आणि मुंबईत? मुख्यमंत्रिपद अडीच वर्षं की पाच वर्षं.

नेते बांधावर आले, हे कबूल करायला हवं. चिखल बुटांना लागेल इतपत आले. हेक्टरी २५ हजार द्या, अशी मागणी उद्धव ठाकरे यांनी केली. महिन्याच्या आत ते स्वतः मुख्यमंत्री झाले. मग डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात हेक्टरी २५ हजारांसाठी भाजपच्या आमदारांनी गदारोळ केला. मागणी तीच, रक्कम तीच. बाकांची तेवढी अदलाबदल.

मधल्या काळात मदत दिली कुणी? राज्यपालांनी. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि चौथ्या दिवशी मदत जाहीर. खरिपाला हेक्टरी ८ हजार, फळबागांना १८ हजार, तेही दोन हेक्टरपर्यंत. सरकार नसताना कारभार इतका चपळ होतो, हे राज्यशास्त्राच्या पुस्तकात घालायला हरकत नाही.

८ हजार म्हणजे गुंठ्याला ८० रुपयांच्या आसपास. एका मिसळीचे. जास्तीचा पाव मागायचा नाही.

पुढे तीच राजवट २३ नोव्हेंबरला पहाटे ५.४७ वाजता उठली. त्या वेळी उठलेला पंचनामा तुम्ही कधी पाहिलाय?

२०२४. निकाल २३ नोव्हेंबरला. नगर जिल्ह्याने १२ पैकी १० जागा महायुतीला दिल्या. इतका स्पष्ट कौल तर हवामान खात्यालाही कधी देता आला नाही. ३० नोव्हेंबरला ‘फेंजल’ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर आलं. इकडे ढग आले, गारठा गेला, फवारणीचे पंप निघाले. मुख्यमंत्री ५ डिसेंबरला आले, मंत्री १५ ला. पालकमंत्री? १८ जानेवारी २०२५.

वादळानंतर ४९ दिवस. तोवर कांदा बाजारात येऊन भाव पडूनही झाले असतील.

आधीच्या वेळीही वेगळं काय झालं? क्यार आणि महाच्या नुकसानीनंतर नगरला पालकमंत्री मिळाले ते जानेवारी २०२० मध्ये, कागलचे हसन मुश्रीफ. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, माजी मंत्री आहेत, होऊ घातलेले मंत्री तर गल्लोगल्ली आहेत. तरी पालक कोल्हापूरहून.

हा सगळा योगायोग आहे का हो? अजिबात नाही. भारतीय समुद्रांत वादळांचे मोसम दोन, एक पावसाळ्याच्या आधी आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. समुद्राने वेळापत्रक बदललेलं नाही. बदललं आपण. १९९५ मध्ये महाराष्ट्रात सरकार मार्चमध्ये आलं होतं. १९९९ मध्ये युतीने मुदतीआधी विधानसभा बरखास्त करून लोकसभेबरोबर निवडणूक उरकली, आणि तेव्हापासून निकाल, रुसवे-फुगवे आणि खातेवाटप हे सगळं नेमकं वादळांच्या महिन्यांत येऊन बसलं. युतीची सत्ता त्या निवडणुकीत गेलीच. मुहूर्त तेवढा मागे राहिला.

मग निवडणूक उन्हाळ्यात घ्यायची? एप्रिलमध्ये गारपीट, मे महिन्यात २०२१ चं ‘तौक्ते’, जूनमध्ये २०२० चं ‘निसर्ग’. ते तर रायगडच्या किनाऱ्यावर उतरून पुणे, नगर, नाशिकच्या वाटेला लागलं होतं. मुहूर्त शोधत बसलात तर निवडणूकच होणार नाही. काहींना ते आवडेलही.

मंत्री नसला म्हणून काय अडतं, असंही कुणी म्हणेल. तलाठी आहे, कृषी सहायक आहे, ग्रामसेवक आहे. आहेत ना! आणि त्यांच्या हातात नियम आहेत. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. ‘सततचा पाऊस’ ही नवी सोय २०२३ मध्ये झाली, त्यासाठी सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर हवा. नुकसान ३३ टक्के तरी हवंच. डिसेंबरातलं वादळी आभाळ तीन दिवस थांबतं, दोन सरी टाकतं, कांद्याचं रोप बसवतं आणि निघून जातं.

फेंजलने शासन निर्णय वाचला नव्हता.

तेव्हा विमा उतरवलेल्याने नुकसान ७२ तासांत कंपनीला कळवायचं होतं. रेंज असो वा नसो, ॲप उघडो वा न उघडो. शेतकऱ्याला ७२ तास, सरकारला ४९ दिवस. आणि शिस्त नाही म्हणून बोल कुणाला? शेतकऱ्याला!

पुढची विधानसभा २०२९ मध्ये. पुन्हा नोव्हेंबरच्याच आसपास. त्या सुमाराला समुद्रात काय शिजेल ते आज कुणी सांगणार नाही, पण नाव तयार असेल. आपल्या भागातल्या १३ देशांनी मिळून १६९ वादळांची यादी २०२० मध्येच करून ठेवली आहे. त्या यादीत भारत आहे, पाकिस्तान आहे, इराण आहे, सौदी अरेबियाही आहे. कुणी रुसून गावाला गेल्याचं ऐकिवात नाही.

आमच्याकडे तीन पक्षांनी ३६ जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांची यादी काढली. तीही दुसऱ्याच दिवशी दोन नावांवर अडली. नाशिकला स्थगिती आणि रायगडलाही.