ऊन फुकट असतं म्हणे

आमच्या गावच्या नाट्यगृहाने शंभरी ओलांडली आहे आणि त्याच्या ट्रस्टचा खजिनदार मी आहे. पहिल्या गोष्टीचा गावाला अभिमान वाटतो. दुसरीचं आमच्या घरात अजून हसू होतं, कारण दूधवाल्याचा हिशेबसुद्धा ही माझ्या हाती देत नाही. पण सभेत अध्यक्षांनी "छपरावर सोलर बसवायचंय, पैशाचं कोण बघतं?" असं विचारलं, आणि मी नेमका तेव्हाच पंखा वाढवा म्हणून हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

कल्पना वाईट नव्हती, बरं का. रंगमंचावरचे हजार-हजार वॅटचे जुने हॅलोजन वीज खातात, बिल फुगलं की आम्ही भाडं वाढवतो, भाडं वाढलं की आधी भजनी मंडळ जातं, मग बालनाट्याचा वर्ग, आणि शेवटी उरतात ते साड्यांचे सेल. म्हणून मी दहा किलोवॅट असा आकडा धरला. तो कुठून आला ते विचारू नका. दिसायला बरा होता. दर किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते असं कळल्यावर छप्पर मोजायला मी स्वतः टेप घेऊन चढलो. मंगलोरी कौलांवर चालताना पाय कुठे द्यायचा असतो आणि कुठे नाही, हे ज्ञान मला थेट पायाकडूनच मिळालं. खाली तालीम चालू होती. आढ्यातून आधी एक चप्पल आणि तिच्या मागोमाग गुडघ्यापर्यंतचा मी, असा माझा रंगभूमीवर प्रवेश झाला. दिग्दर्शक म्हणाले, "हे ठेवू या."

पंतप्रधान सूर्यघर योजनेत 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं एवढं वाचून मी ट्रस्टच्या नावाने कागद गोळा करत सुटलो. ते राहत्या घरांसाठी आहे, हे हिने भाजी निवडता निवडता सांगितलं. मग ऑडिटरकडे. सोलरवर 40 टक्के दराने घसारा धरता येतो, म्हणजे आयकर वाचतो, हे मी त्यांनाच समजावून सांगितलं.

"तुम्ही आयकर भरता?"

"छे हो! आपला धर्मादाय ट्रस्ट."

"मग वाचवणार काय?"

बँकेत कळलं की सार्वजनिक ट्रस्टला कर्ज काढायचं तर 1950 च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. तारण काय, असं मॅनेजरसाहेबांनी विचारल्यावर मी हाताने रंगवलेले जुने पडदे देऊ केले. जंगलाचा आणि राजवाड्याचा, दोन्ही. त्यांनी चहा मागवला. एक कंपनी तर पॅनेल स्वखर्चाने लावायला तयार होती, आम्ही फक्त युनिटप्रमाणे पैसे द्यायचे. पण करार 25 वर्षांचा, आणि आमच्या विश्वस्तांत सगळ्यात तरुण मी, तोही निवृत्त. करारभर टिकेल याची खात्री फक्त इमारतीची होती.

उरला सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा. 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी आहे, कला-संस्कृती आहे आणि पर्यावरणही आहे. आमचा प्रस्ताव तिन्हीकडे बसतो म्हणून मी हरखलो, आणि म्हणूनच तो कुठेच बसेना. वास्तूवाले पर्यावरणाकडे पाठवत, पर्यावरणवाले कलेकडे. 'लाभार्थी किती' या रकान्यात मी संगीत नाटकाचे प्रेक्षक लिहिले, शेवटच्या रांगेत झोपायला येणारे धरून. नफ्याच्या दोन टक्के द्यावेच लागतात, असं मी आमच्या तेलघाणीच्या मालकांनाही ठणकावलं. तो कायदा निदान पाच कोटी नफ्यापासून पुढच्यांचा. त्यांनी मला कर्जाचं पासबुक दाखवलं आणि मीच त्यांना पन्नास रुपये देऊन आलो.

मग मदतनिधीसाठी नाटकाचा प्रयोग लावला. ऐन दुसऱ्या अंकात वीज गेली. स्वच्छ ऊर्जेसाठी जमलेला सगळा गल्ला डिझेल जनरेटरने खाल्ला.

शेवटी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने मुख्य बोर्ड उघडला, आत बघितलं आणि हलक्या हाताने बंद केला. 8 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी उभारलेलं. तेव्हापासून जुन्या थिएटरात कुठे जळका वास आला तरी आमच्या पोटात गोळा येतो. कंत्राटदार म्हणाला, "काका, पॅनेल राहू द्या. आधी वायरिंग. दिवे एलईडी करा, मग दहा किलोवॅट लागायचेही नाहीत." हे मला पटलं, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. छपरावरच्या पॅनेलला देणगीदार मिळतो, त्याखाली उभं राहून फोटो काढता येतो. भिंतीतल्या वायरीवर कोणाच्या तीर्थरूपांचं नाव घालणार? मी वर्गणीची यादी खुर्च्या, पडदा, रंग अशी फिरवत राहिलो आणि वायरिंगचे पैसे अखेर भजनी मंडळाने पेटीत टाकले, नाव न लावता.

सध्या नाट्यगृह वायरिंगसाठी बंद आहे. दरम्यान मी जेवणाच्या टेबलावर टाकलेले सूर्यघरचे कागद हिने उचलले, आपल्या नावाने अर्ज केला आणि आमच्या गच्चीवर तीन किलोवॅट बसवून घेतले. दिवे फुकट म्हणून मंडळाची तालीम आता आमच्याच हॉलमध्ये असते. चहाचे पैसे मात्र ती रोख घेते. पावतीवर सही माझी.